जीव वाचला, हातापायांचे काय?

पावसाळा आला की लेप्टो, डेंग्यू आणि मलेरियाच्या बातम्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरून जातात. मंत्री रुग्णालयांना भेटी देतात, महापालिका फवारणीचे फोटो छापून आणतात. मात्र गटारीत उतरलेल्या कामगाराच्या पायाला गंजका पत्रा लागला, निंदणीला गेलेल्या बाईच्या हातात काटा मोडला, उसाच्या फडात कोयता निसटून पोटरीवर बसला आणि चार दिवसांत तो हात किंवा पाय कुजू लागला, ही बातमी होत नाही. ही माणसे एकेकटी येतात, एकेकटी भोगतात आणि वॉर्डातून एकेकटीच लंगडत घरी जातात. त्यांची साथ येत नाही, म्हणून त्यांची मोजदादही कोणी करीत नाही.

डॉक्टर ज्याला ‘नेक्रोटायझिंग फॅसायटिस’ म्हणतात, तो हा आजार. ‘मांस खाणारे जंतू’ अशा भडक मथळ्याखाली तो कधीतरी छापून येतो. जखम लहान असते. कधी नुसता ओरखडा, कधी फुटलेले गळू, कधी सर्पदंश. जंतू कातडीखालच्या चरबीत आणि स्नायूंवरील आवरणात शिरतात आणि त्या थरातून वणव्यासारखे पसरतात. तेथील बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. रक्त पोहोचत नाही म्हणून औषधही पोहोचत नाही. वरची कातडी सुरुवातीला नुसती लालसर दिसते, आत मात्र सारे मरत चाललेले असते. जखमेच्या मानाने वेदना फार मोठी, हीच याची पहिली खूण. मधुमेह असलेल्यांना, दारूने यकृत खराब झालेल्यांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना धोका अधिक. पण धडधाकट माणसालाही हा आजार सोडत नाही. उपचार मिळूनही साधारणपणे शंभरातील वीस ते तीस रुग्ण दगावतात.

यावर एकच मार्ग आहे. मेलेले सारे तातडीने कापून काढणे. ते एकदा करून भागत नाही. चोवीस तासांत पुन्हा जखम उघडून पाहावी लागते, पुन्हा कापावे लागते. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही. यात रुग्ण वाचला, तर त्याच्या मांडीवर, पोटावर किंवा हातावर वीतभर ते हातभर उघडे मांस उरते. आमच्या लोकांची खरी परवड सुरू होते ती येथून पुढे.

ही उघडी जखम भरून काढणे म्हणजे पुनर्रचनेची शस्त्रक्रिया. जखमेत लाल, निरोगी मांसांकुर धरले की दुसऱ्या मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढून तेथे बसवितात. हाड किंवा स्नायूची दोरी उघडी पडली असेल तर पापुद्रा तेथे धरत नाही; मग शेजारची जिवंत कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासह फिरवून लावावी लागते, तिला ‘फ्लॅप’ म्हणतात. बसविलेला पापुद्रा पुढे महिनोन्‌महिने आकसत राहतो. गुडघा, कोपर, काख, बोटे अशा सांध्यांवर तो आकसला की सांधा वाकडा होतो आणि तसाच राहतो. तो वाकडा होऊ नये म्हणून पट्टी बांधून ठेवावी लागते, रोज व्यायाम करून घ्यावा लागतो, सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ, घट्ट दाबाचे कपडे घालावे लागतात. इतके करूनही सांधा आखडला तर तो मोकळा करण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया. म्हणजे जीव वाचविण्याचे काम काही दिवसांचे आणि माणूस कामावर उभा करण्याचे काम वर्षभराचे. आपली शासकीय आणि विमा व्यवस्था पहिले काम ओळखते, दुसरे ओळखत नाही.

आता कागद पाहू. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे. 2012 साली ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2017 साली तिला तात्यासाहेबांचे नाव मिळाले आणि 2024 पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिच्यात देण्यात आले. हे स्वागतार्ह आहे. परंतु ही योजना चालते पॅकेजवर. ठरावीक शस्त्रक्रियेला ठरावीक रक्कम. ज्या आजारात किती वेळा कापावे लागेल हे डॉक्टरलाही आधी सांगता येत नाही, तो आजार पॅकेजच्या साच्यात बसत नाही. रुग्णालयातून सुटी झाल्यानंतरचा पाठपुरावा योजनेने धरला आहे तो 10 दिवसांचा. पापुद्रा आकसतो महिनोन्‌महिने आणि योजना सोबत करते दहा दिवस! दाबाचे कपडे, व्यायामाच्या खेपा, तालुक्याहून शहरापर्यंतचे एसटी भाडे आणि बुडालेली मजुरी हे सारे त्या दहा दिवसांनंतरचे आहे. रोजंदारीवर जगणारी बाई दर आठवड्याला दीडशे किलोमीटरवर व्यायाम करून घ्यायला जाईल, असे ज्यांना वाटते त्यांनी मजुरीचा एक दिवस बुडणे म्हणजे काय ते अनुभवलेले नाही. प्लास्टिक सर्जन बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. मग बाई घरी बसते, गुडघा आखडतो आणि सरकारी दप्तरात मात्र ‘रुग्ण बरा होऊन घरी गेला’ अशी नोंद राहते.

खाजगी विम्याची गोष्ट याहून बोलकी आहे. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 साली सर्व आरोग्य विमा पॉलिसींसाठी अपवादांचे प्रमाण शब्द ठरवून दिले. त्यात सौंदर्य किंवा प्लास्टिक शस्त्रक्रियेचा खर्च वगळण्यात आला आहे. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांच्यानंतरची पुनर्रचना आणि आरोग्याचा थेट व तात्काळ धोका दूर करणारे आवश्यक उपचार यांना सूट दिली आहे. वाचकांनी हे शब्द पुन्हा एकदा पाहावेत. अपघात, भाजणे, कर्करोग. यात ‘जंतुसंसर्ग’ हा शब्द नाही. ज्या आजारात मांडीभर कातडी जाते, तो आजारच यादीत नाही. शब्द गाळला कोणी, का गाळला, हा प्रश्न सोडून देऊ. त्या गाळलेल्या जागेतून आमची माणसे खाली पडतात, हे महत्त्वाचे.

माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात कंत्राटी सफाई कामगाराला कंत्राटदाराने काढलेल्या सामूहिक पॉलिसीचे संरक्षण होते. पहिल्या शस्त्रक्रियांचे पैसे मिळाले. पुढे गुडघा आखडला म्हणून तो मोकळा करण्याच्या शस्त्रक्रियेचा दावा केला, तेव्हा ‘ही सौंदर्यशस्त्रक्रिया आहे’ असे दोन ओळींचे पत्र आले. ज्याला शौचाला खाली बसता येत नाही, शिडी चढता येत नाही, त्याचा गुडघा सरळ करणे हे सौंदर्य! आम्ही उत्तर दिले ते असे: मूळ जखम कामावर पत्रा लागून झाली, तो अपघात होता, संसर्ग त्या अपघाताचा परिणाम आहे, म्हणून ही ‘अपघातानंतरची पुनर्रचना’च आहे, आणि तसे शल्यचिकित्सकाचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. प्रकरण अजून निकाली निघालेले नाही. पण या एका प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. सारा दावा उभा राहिला तो दाखल होतानाच्या केसपेपरवरील पहिल्या ओळीवर. तेथे ‘कामावर पत्रा लागला’ असे लिहिलेले होते. तेथे नुसते ‘पायाला सूज, ताप’ असे लिहिले असते, तर माझ्यासारख्या वकिलाच्या हातात काहीही उरले नसते.

काही जण म्हणतील, हा तर आजार आहे, कोणालाही होतो. यात जातीचा काय संबंध? जंतू जात पाहत नाहीत हे खरेच. पण घाणीत कोणी उतरायचे, हे या देशात जात ठरविते. गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या सुमारे 38 हजार कामगारांची माहिती केंद्र सरकारने ‘नमस्ते’ योजनेखाली गोळा केली. 2024 साली ती बाहेर आली, तेव्हा त्यात जवळपास 92 टक्के कामगार अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण 68.9 टक्के. उघड्या जखमेने मैल्यात उभे राहण्याचे ‘आरक्षण’ कोणासाठी राखून ठेवले आहे, हे सांगायला आणखी कोणता पुरावा हवा? या आरक्षणाविरुद्ध मात्र कोणी मोर्चा काढत नाही.

शेतीकडे वळलो तरी तेच. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास 2 लाख, एक अवयव गेल्यास 1 लाख रुपये मिळतात. सर्पदंशही तिच्यात धरला आहे. पण लाभ मिळतो तो वहितीधारक खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. म्हणजे सातबारा पाहिजे. ज्याच्या शेतात साप चावला त्याला संरक्षण, आणि ज्याला चावला तो भूमिहीन मजूर असेल तर त्याला काही नाही. खातेदारांना मिळते त्याबद्दल तक्रार नाही; तो गरीब शेतकरीही आपलाच आहे. प्रश्न एवढाच की, ज्याच्याकडे हातापायाशिवाय दुसरी मालमत्ताच नाही, त्याच्या हातापायाची किंमत शून्य कशी?

कायदा या बाबतीत अगदीच मुका आहे असे नाही. 1996 साली पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, तातडीचे उपचार सरकारी रुग्णालयाने नाकारणे हा अनुच्छेद 21 चा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही. 2015 साली लक्ष्मी प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. आम्लहल्ल्यातील पीडितांना मोफत उपचार म्हणजे केवळ मलमपट्टी नव्हे, त्यात औषधे, खाट, अन्न आणि पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियाही आल्या, आणि खाजगी रुग्णालयांनीही ते दिले पाहिजेत, असे ठरले. म्हणजे कातडी गेलेल्या माणसाचा उपचार जखम झाकल्यावर संपत नाही, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केलेले आहे. आम्लाने गेलेल्या कातडीला जे तत्त्व लागू होते, ते मैल्यातील जंतूंनी गेलेल्या कातडीला का लागू होऊ नये? दोन्हीकडे शरीर तेच, शस्त्रक्रिया तीच.

20 ऑक्टोबर 2023 रोजी बलराम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. अपंगत्व आल्यास किमान 10 लाख, आणि कायमचे अपंगत्व येऊन कामगार आर्थिकदृष्ट्या असहाय झाल्यास किमान 20 लाख, असेही सांगितले. या निकालातील मृत्यूच्या भरपाईची चर्चा झाली. अपंगत्वाच्या भागाकडे मात्र आपल्याही कार्यकर्त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गॅसने गुदमरून मेलेला माणूस त्याच दिवशी दिसतो. जंतुसंसर्गाने आखडलेला पाय आठ महिन्यांनी दिसतो, आणि तोवर गटाराशी असलेला त्याचा संबंध कंत्राटदाराने पुसून टाकलेला असतो.

कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्यात दूषित होण्याचा विशेष धोका असलेल्या कामातून जडणारे संसर्गजन्य रोग व्यावसायिक आजार म्हणून धरलेले होते. 2009 च्या दुरुस्तीने कामावरील दुखापतीचा प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च मिळण्याचा हक्कही त्यात आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली तरी भरपाईचे प्रकरण आणि व्यावसायिक आजारांची यादी तिच्यात आलेली आहे. कामगार राज्य विम्याचेही तसेच. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना 1943 साली प्रा. अडारकरांकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सोपविण्यात आली आणि 1944 साली त्यांचा अहवाल आला. त्यातूनच 1948 चा कायदा उभा राहिला. त्या विम्यात नोंदलेल्या कामगाराला उपचार आणि आजारपणातील रोख लाभ असे दोन्ही मिळतात. म्हणून कंत्राटदार कामगाराची नोंदच करीत नाही. बाबासाहेबांच्या काळात रुजलेल्या या झाडाची सावली ज्यांच्यासाठी होती, त्यांनाच कुंपणाबाहेर उभे करण्यात आले आहे.

याच महाराष्ट्राचा एक इतिहास येथे सांगितला पाहिजे. 1792 च्या लढाईत इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळावरची कातडी फिरवून नवे नाक बसविले. इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली, ऑक्टोबर 1794 मध्ये तिचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकात छापून आले, आणि ते वाचून कार्प्यू या शल्यचिकित्सकाने 1814 साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीला येथून चालना मिळाली. प्राचीन ग्रंथांचा अभिमान मिरविणारे लोक सुश्रुताचे नाव घेतात, ते घेऊ द्या. पण 1793 च्या पुण्यात ती विद्या जिवंत ठेवली होती कोणी? विटांच्या मातीत हात घालणाऱ्यांनी. ज्या मनुस्मृतीने वैद्याच्या घरचे अन्न वर्ज्य ठरविले, तिच्या समाजात जखमेला हात लावणारा माणूस हीनच असणार. रुग्णाचे नाव इतिहासात राहिले, पाहणाऱ्या इंग्रजांची नावे राहिली. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. आज त्याच श्रमिक जातींच्या वारसांना ती शस्त्रक्रिया परवडत नाही, हा केवढा विपर्यास!

जखम सडली की वास सुटतो, आणि वास सुटला की नातेवाईकही खाटेपासून दूर सरकतात. मांडीच्या वरच्या भागात किंवा गुप्तांगाभोवती हा संसर्ग झाला, तर रुग्ण लाजेनेच चार दिवस बोलत नाही आणि तेच चार दिवस जीव घेतात. पूतिगत्त तिस्स या भिक्खूचे अंग फोडांनी सडले तेव्हा सोबतच्यांनी त्याला टाकून दिले होते. तथागतांनी स्वतः पाणी गरम करून त्याला धुतले, अशी कथा अट्ठकथेत आहे. ती कथा विहारात ऐकणाऱ्यांनी वॉर्डात जाताना नाकाला रुमाल लावून परत फिरू नये, एवढे तरी अपेक्षित आहे.

आता आपण काय करायचे? प्रथम वस्तीत सांगायचे. जखम लहान आणि वेदना फार, सूज तासागणिक वाढते आहे, ताप आहे, कातडी काळसर पडते आहे किंवा फोड येत आहेत, असे दिसले तर लेप, झाडपाला आणि गल्लीतले इंजेक्शन यात एक दिवसही न घालविता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठायचे. चाळिशीपुढच्या प्रत्येकाची साखर तपासून घ्यायची. दाखल होताना दुखापत कोठे, कधी, कोणाच्या कामावर झाली, हे केसपेपरवर लिहून घ्यायचे. प्रत्येक शस्त्रक्रियेचे कागद आणि जखमेचे तारखेसह फोटो जपून ठेवायचे.

जवळ धर्मादाय रुग्णालय असेल तर लक्षात ठेवावे की, मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या आहेत. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागण्याचा त्यांना अधिकार नाही. खाट नाकारली तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करायची. तोंडी भांडण करून परत यायचे नाही. विमा कंपनीने ‘सौंदर्यशस्त्रक्रिया’ म्हणून दावा फेटाळला, तर आधी कंपनीकडे तक्रार, महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. हे एक वकीलच सांगतो आहे.

आणि सरकारकडे मागण्या स्पष्ट शब्दांत ठेवायच्या. फुले योजनेत या आजारासाठी पहिल्या कापण्यापासून शेवटच्या व्यायामापर्यंत एकच सलग उपचारक्रम धरा आणि पाठपुरावा दहा दिवसांवरून किमान एक वर्षावर न्या. प्रवासभाडे आणि दाबाचे कपडे त्यात घाला. विम्याच्या अपवादात अपघात, भाजणे, कर्करोग यांच्या शेजारी ‘जंतुसंसर्ग’ हा एक शब्द लिहा. भाजलेल्यांसाठी उभारलेले कक्ष या रुग्णांसाठी खुले करा. लागणारी खाट, यंत्रे आणि हात तेच आहेत. भूमिहीन मजुराला अपघात अनुदानात आणा. कंत्राटी सफाई कामगाराची विम्यात नोंद नसेल, तर कंत्राटदाराचे बिल अडवा.

यातील एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी राज्याची तिजोरी रिकामी होईल. एक शब्द, एक मुदत, एक नोंद. पण ती मागायला कोणी गेलेलेच नाही, कारण ज्यांचे पाय आखडले ते मंत्रालयाच्या पायऱ्या चढू शकत नाहीत. त्या पायऱ्या चढण्याचे काम ज्यांचे पाय शाबूत आहेत अशा कार्यकर्त्यांचे आहे. वाचलेला जीव पुन्हा कामावर उभा राहिला, तरच तो वाचला असे म्हणता येईल.